तात्यासाहेबांची जपानी झरणी

गेल्या महिन्यात एक पदवीधर गृहस्थ रुमालात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आले. त्यांनी रुमाल उघडला आणि आतले पेन मी तत्क्षणी ओळखले. ओळखताक्षणी माझ्या तोंडून जे शब्द गेले, तसे शब्द मी उभ्या हयातीत एकाही पक्षकाराला न्यायकचेरीच्या आवारात उच्चारू दिले नव्हते.

काळ्याभोर रोगणाला फोड आले होते. आतले कडक रबर शेवाळी पडले होते. अंगावर जो सोन्याचा क्रौंच पक्षी होता, त्याचा एक पाय व अर्धा पंख नाहीसा झाला होता.

"काका, नुसतं साफ करायचं होतं हो," गृहस्थ म्हणाले. "मावशी गेल्यावर तिच्या पेटीत सापडलं. शाई आत दगड झाली होती. म्हणून कढत पाण्यात सोडा टाकला आणि ठेवलं भिजत."

"टोक भिजत ठेवलेत की संपूर्ण?"

"संपूर्ण. अर्धवट काम मला आवडत नाही."

"आणि पाणी?"

"पाणी सगळं जांभळं झालं. एवढ्याशा पेनात इतकी शाई मावतेच कशी, मला तर..."

त्यांचे पुढचे शब्द मी ऐकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले व रजिस्टर्ड डाकेने पाठवले. पोच आली. उत्तर आले नाही. ते येण्याजोगे नव्हतेच. त्या पत्रात जपानी रोगणाच्या झरणीस, म्हणजे शाई भरायच्या पेनास, काय करू नये याचे जे नियम मी लिहिले आहेत, त्यांतला एकही माझा नाही. ते तात्यासाहेबांचे आहेत. ते ज्यांचे आहेत त्या माणसाविषयी आजवर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून हे लिहिणे माझ्यावर येऊन पडले आहे.

तात्यासाहेब भोर संस्थानात न्यायाधीश होते. त्यापूर्वी मुनसफ होते, आणि गावाने त्यांना अखेरपर्यंत मुनसफच म्हटले. बढती गावाने मंजूर केली नाही. उंच, कृश, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट; आवाज इतका हळू, की त्यांच्यासमोर भांडायला आलेली माणसे ऐकू यावे म्हणून आपोआप गप्प होत. "मला वाटते" हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. "दाखल्यावरून असे दिसते" असे म्हणत. घरातही तीच भाषा. सून जेवताना विचारी, "तात्या, आमटीत मीठ बरोबर आहे ना?" ते भाताचा दुसरा घास घेऊन म्हणत, "पहिल्या घासावर निर्णय देता येत नाही."

ही सून म्हणजे उमावहिनी. घरात ही दोनच माणसे. तात्यासाहेबांच्या पत्नी पूर्वीच वारल्या होत्या, आणि एकुलता मुलगा वामन जपानात होता. निदान तात्यासाहेब तसे म्हणत.

वामन काचेचे काम शिकायला कोबे बंदरी गेला, तेव्हा लग्नाला वर्षही झाले नव्हते. नीरेकाठी काचेचा कारखाना काढायचा त्याचा मनसुबा होता. पत्रे नियमित येत. एका पत्रात त्याने कळवले की येथे अशी झरणी मिळते, जिच्या शेपटाची कळ पिळून बंद केली की आतली शाई निबेकडे येऊच शकत नाही. उलटी टांगली तरी थेंब गळत नाही. तात्यासाहेबांनी उलट टपाली लिहिले: पुराव्याविना अमान्य. तेव्हा वामनने एक सोन्याच्या क्रौंचाची झरणी घेतली, ती जांभळ्या शाईने काठोकाठ भरली, कळ बंद केली, आणि परत येणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हाती दिली. निरोप असा, की वाटेत एक थेंब सांडला तर मी हरलो.

एक थेंबही सांडला नव्हता. तात्यासाहेबांनी मुलाला कळवले, "पुरावा ग्राह्य. तू जिंकलास." ते पत्र परत आले. पत्त्यावर इसम नाही. पुढची पत्रेही परत आली. वकिलातीला लिहिले, आगबोट कंपन्यांना लिहिले, त्या व्यापाऱ्याला पुन्हा गाठले. राहत्या जागेचे भाडे चुकवून, ट्रंक घेऊन, वामन एका सकाळी बाहेर पडला होता. त्यापुढे दाखला नाही.

त्या झरणीने तात्यासाहेबांनी एक अक्षर लिहिले नाही. वामन येईल, झरणी हातात घेईल, ती भरलेली आहे हे स्वतः पाहील आणि मग लिहील. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले आणि शाई आत वाळली. मग एका रविवारी त्यांनी ठरवले, की तो आल्यावर झरणी अडता कामा नये. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते तिची निब भिजवू लागले.

मी तेव्हा नवा वकील होतो. सनद हाती होती, पक्षकार नव्हते. म्हणून रविवारी कायद्याचे शंकानिरसन करून घ्यायला त्यांच्याकडे जात असे. मीही हौसेने एक हलकीशी रोगणाची झरणी घेतली होती. ती मी नळाखाली धरलेली पाहून त्यांनी माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतली.

"हे लाखेचे काम नव्हे," ते म्हणाले. "लाख किड्याची. हा झाडाचा चीक आहे. लेपावर लेप देऊन महिनोन्‌महिने वाळवलेला. वरून दगडासारखा वाटतो, पण जिथे लेप संपतो, त्या टोपणाच्या आट्यांपाशी पाणी शिरले की आत जाऊन बसते. मग एके दिवशी सगळे उचलून येते."

"मग धुवायची कशी?"

"पाणी कालचे. भांडे काचेचे. बुडवायचे ते टोकच. गळ्यापर्यंत, वर नाही. गळ्याच्या वर पाणी गेले तर माणूससुद्धा मरतो." कढत पाणी नाही, कारण रबराचा काळेपणा जातो. स्पिरिट नाही, सोडा नाही. उन्हात ठेवायची नाही. पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि पुसायचे म्हणजे टिपायचे, घासायचे नाही. सुकवताना टोक खाली. "आणि घाई नाही. वाळलेली शाई अडून बसलेल्या साक्षीदारासारखी असते. धाक घातलात तर तुटक बोलते. थांबलात, तर आपल्या वेळेने सगळे सांगते."

उमावहिनी काचेची वाटी आणून ठेवीत. तात्यासाहेब झरणी तिरपी धरून टोक पाण्यात सोडत आणि थांबत. वाचत नसत, बोलत नसत. उन्हाची तिरीप एका फरशीवरून दुसरीवर सरके. मी प्रश्न विचारला तर हाताने थांबवत. आणि मग निबेच्या चिरेतून एक जांभळा धागा निघे. केसाहून बारीक. सरळ खाली उतरे, वाटीच्या तळाला टेके आणि तिथे वळून झोपे.

"हजर," तात्यासाहेब म्हणत.

मग झरणी उचलून टिपत आणि पुटपुटत, "पुढील तारीख रविवार."

कळ घट्ट बंद असताना तो धागा येई कसा, हे मी एकदा विचारले. बंद कळीच्या फटीतूनही ओल थोडी चढते, असे त्यांनी सांगितले. उत्तर शास्त्रीय होते. ते देताना त्यांचे डोळे वाटीवरून हलले नाहीत. त्या खोलीत एकटे बसणे मला कधी जमले नाही. वामनला मी पाहिलेला नव्हता, तरी रविवारी तिथे चौघे असल्यासारखे वाटे.

ते पाणी उमावहिनी परसातल्या तगरीला घालीत. एकदा त्या मला सहज म्हणाल्या, "इतकी वर्षं घालतेय, पण एक फूल जांभळं झालं नाही. मी रोज बघते हं." आणि हसल्या. त्या हसल्या त्याचेच मला भय वाटले.

आता हिर्डोशीच्या प्रकरणाकडे वळतो, कारण त्याखेरीज पुढचे कळणार नाही.

हिर्डोशीची ठकूबाई तात्यासाहेबांपुढे उभी राहिली, तेव्हा मी तिच्या बाजूने वकील होतो. नवरा धोंडू घाट उतरून कोकणातून मुंबईला गेला, तो परतलाच नव्हता. दीर भाताचे खाचर तिला कसू देईना. कायदा स्पष्ट आहे: ज्यांना एखाद्याची खबर लागणे स्वाभाविक, त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार हयात म्हणणाऱ्यावर पडतो. दिराला तो पेलला नाही. तात्यासाहेबांनी धोंडू मयत असल्याचे धरून निकाल दिला. स्वतःच्या मुलाची खबर थांबून तेव्हा किती काळ लोटला होता, हे कचेरीत सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

ठकूबाई जिंकली होती. पण ती हलेना.

"साह्यब, म्हंजी सकाळधरनं त्यो जित्ता व्हता, आन आता तुमी सही केली तवा मेला का?"

"कायद्याच्या दृष्टीने, बाई."

"आन उद्या आला तर?"

"तर कायदा त्याला जिवंत मानील."

"कायद्याला काय, मानील न्हाईतर न्हाई. माज्या कुकवाचं काय? पुसू, लावू, पुन्यांदा पुसू, असं करत बसू व्हय?"

कचेरीत हशा पिकला. तात्यासाहेबांनी हशा थांबवला नाही, हे मी प्रथमच पाहिले. ते तिच्या कपाळाकडे पाहत होते.

ठकूबाईने पुढे रीतीप्रमाणे दुसऱ्याशी पाट लावला. आणि धोंडू आला.

तो रविवार होता. वाटीत झरणी होती. ओसरीवर एक काळाठिक्कर, खोकणारा माणूस येऊन उभा राहिला आणि विनयाने म्हणाला, "म्या धोंडू, हिर्डोशीचा. तुमीच मला मारलं न्हवं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या दुकानाची चौकशी करावी तसे तो विचारत होता.

"कुठे होतास?" तात्यासाहेबांनी विचारले.

"बोटीवं. भट्टीत कोळसा मारत व्हतो. लिवता येत न्हाई, आन लिवून कुनाला धाडावं? त्यांना बी वाचता येत न्हाई."

"बोट जपानला गेली होती? कोबे बंदर पाहिलेस?"

"बंदरं समदी सारखीच, साह्यब. म्या खाली भट्टीपाशी. वरलं काय बी दिसत न्हवतं."

"कोणी आपल्याकडचा, चष्मेवाला, काचकाम शिकणारा?"

धोंडूने डोक्यावरचे मुंडासे सारखे केले. त्याला खोटे बोलून दिलासा द्यावासा वाटला असावा. त्याने तो दिला नाही. "न्हाई जी," म्हणाला.

"घरी जाऊन आलास?"

"व्हय. तिनं दार उघाडलं, बगितलं, आन लावून घेतलं. तिचं बी काय चुकलं? मेल्यालं मानूस दारात हुबं ऱ्हायलं तर कोन बी भ्येनार." मग त्याने आपले काम सांगितले. "म्या जित्ता हाय असा येक कागद द्या."

"त्यासाठी अर्ज करावा लागेल."

"मेल्याला अर्ज करता येतो का?"

तात्यासाहेबांनी तो अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला. न्यायाधीशाने पक्षकाराचा अर्ज लिहिणे सर्वस्वी अनुचित. त्यांना ते माहीत होते, आणि लिहून होताच त्यांनी दुसऱ्या कागदावर आपला निवृत्तीचा अर्ज लिहिला. धोंडू कागद घडी करून, मुंडाशात खोचून, वरंध्याच्या वाटेने चालत गेला. आत वाटीत धागा उतरून कधीच तळाला गेला होता. "हजर" म्हणायचे त्या दिवशी राहून गेले.

तेव्हापासून तात्यासाहेब रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. दारावर पाऊल वाजले की कोट नीट करत. ज्याची खबर नाही असा एक माणूस परत आला होता. तेव्हा दुसरा येणार नाही, असे म्हणायला आता आधार उरला नव्हता. एका माणसाच्या येण्याने ते घर असे बांधले गेले. त्यात उमावहिनीही बांधल्या गेल्या, हे मात्र कोणी पाहिले नाही. त्यांचे वय वाढत होते. त्या सुवासिनी म्हणून हळदीकुंकवाला जात आणि बायका कुंकू लावताना क्षणभर हात आखडत.

मग महायुद्ध आले, आणि जपान शत्रू झाले. एका रविवारी गावचे फौजदार आले. माणूस भला होता, पण नवा हुकूम त्याच्या डोक्यावर पागोट्याहून मोठा होता.

"साहेब, माफी असावी. जपानी वस्तूंची चौकशी आहे. आपल्याकडं एक लेखणी आहे म्हणं, तिच्यावर जपानी अक्षरं आहेत."

"हुकूम दाखवा."

"तोंडी आहे, साहेब."

"तोंडी हुकमाला तोंडी उत्तर. घरात जपानी वस्तू एक. तिच्यावरची अक्षरे बनवणाऱ्या कारागिराच्या नावाची. जप्त करायची असेल तर पंच आणा, पंचनामा करा, आणि गळ्याच्या वर ओला हात लावू नका."

फौजदारांनी हात लावलाच नाही. नुसते वाकून क्रौंच पाहिला. "झकास बगळा आहे," म्हणाले. मग वही काढली. "आणि चिरंजीव? ते तिकडंच असतात ना? काय करतात सध्या?"

तात्यासाहेबांनी वाटी आपल्याकडे सरकवून घेतली. फौजदार ताटकळले. शेवटी स्वतःच बोलत लिहू लागले, "मुलगा... सध्या... शत्रूच्या मुलखात... हयात."

दारातून उमावहिनींचा आवाज आला. "काय लिहिलंत?"

"हयात, वहिनी. म्हणजे बरंच आहे की."

फौजदार गेल्यावर त्या बाहेर आल्या. सासऱ्यांसमोर उभे राहून बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्या दिवशी बोलल्या.

"तात्या, मला पुण्याला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचंय, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तिथल्या संस्थेचं उत्तर आलंय. अर्जावर नवऱ्याची संमती हवी, नाहीतर तो मयत असल्याचा दाखला. वयाची अट आहे, आणि हे माझं शेवटचं वर्ष. तुमची सही चालेल का विचारलं, तर नाही म्हणाले."

या नियमाविषयी मी त्या संस्थेला नंतर जी पत्रे लिहिली ती येथे उद्धृत करीत नाही. ज्या बाईचा नवरा जिवंत आहे तिने त्याला विचारावे. मेला आहे तिने कागद आणावा. आणि ज्या बाईला देवानेच उत्तर दिलेले नाही, तिने घरी बसून म्हातारे व्हावे, असा तो नियम होता. माणसाने माणसासाठी याहून निर्दय वाक्य इतक्या स्वच्छ अक्षरात क्वचितच लिहिले असेल.

"उमा, तो येईल तेव्हा..." तात्यासाहेबांनी सुरुवात केली.

"येतील तेव्हा मी त्यांना पाणी देईन, वाढीन, आणि मग शाळेत जाईन. पण फौजदारांच्या वहीत ते जिवंत, शाळेच्या कागदावर ते कोणीच नाहीत, आणि माझ्या कपाळावर काय, ते मला रोज सकाळी आरशासमोर ठरवावं लागतं. तुम्ही लोकांचे निकाल केलेत. माझा एक करा. कसाही करा."

"मी एकदा एका जिवंत माणसाला मारले आहे," तात्यासाहेब म्हणाले. "पुन्हा मारणार नाही."

"मग मी दावा लावते."

मला वाटले आता आभाळ कोसळणार. तात्यासाहेबांनी झरणी उचलून टिपली. मग माझ्याकडे वळले. "वकीलपत्र तुम्ही घ्या. दुसरा कोणी दावा नीट लिहिणार नाही." आणि मी लिहिलेला, त्यांच्याचविरुद्धचा दावा त्यांनी तपासून, दोन ठिकाणी दुरुस्त करून, परत दिला. मग स्वतः प्रतिवादी म्हणून कैफियत दिली. तीत एकच वाक्य होते: मृत्यू नाकबूल.

सुनावणीला त्यांची जुनी कचेरी गच्च भरली. पट्टेवाला रामा वर्षानुवर्षे तात्यासाहेबांच्या खुणेवर लोकांची नावे पुकारत आला होता. त्या दिवशी त्याने तात्यासाहेबांचेच नाव पुकारले.

"हजर," तात्यासाहेब म्हणाले, आणि पिंजऱ्यात चढले.

मी प्रश्न विचारला. कायद्याने विचारायचा तो एकच होता. "गेल्या सात वर्षांत चिरंजीव वामन यांजकडून वा त्यांजविषयी आपणास काही खबर मिळाली आहे काय?"

"आहे."

कचेरीत कुजबुज उठली. नवे न्यायाधीश तरुण होते. त्यांनी मान वर केली.

"कोणत्या स्वरूपाची?" मी विचारले.

"सांगता येणार नाही. दाखवता येईल. काचेचे भांडे आणि पाणी मिळावे."

न्यायाधीशांनी स्वतःच्या मेजावरचा पाण्याचा पेला पुढे केला. तात्यासाहेबांनी तो घेतला, उजेडात धरला आणि रामाला विचारले, "पाणी कालचे आहे?"

"कालचंच हाय, सायेब," रामा ओशाळून म्हणाला. "आज भरायचं ऱ्हायलं."

लोक हसले. तात्यासाहेब हसले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून झरणी काढली, तिरपी धरली आणि टोक पाण्यात सोडले. गळ्यापर्यंत, वर नाही.

सगळी कचेरी त्या पेल्याकडे झुकली. पाणी स्वच्छ होते. भिंतीपाशी उमावहिनी उभ्या होत्या, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. एकट्या त्या पाण्याकडे पाहत नव्हत्या. त्या तात्यासाहेबांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी वर्षे तगरीची फुले तपासताना जे असेल, तेच होते. तात्यासाहेबांनी पाण्यावरून नजर उचलली. ती उमावहिनींवर गेली आणि तिथे राहिली.

"खबर नाही," ते म्हणाले. "लिहून घ्या."

न्यायाधीश हळुवारपणे म्हणाले, "तात्यासाहेब, थोडे थांबू या का?"

"गरज नाही."

थांबणे हा ज्यांचा पहिला नियम, ते हे बोलले. पुढे जबानीवर सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पेल्यातली झरणी हलवली नाही. कारकुनाचा टाक मागून घेतला. दावा मंजूर झाला.

उमावहिनी पुण्याला गेल्या, शिकल्या, आणि पुढे त्यांच्या हाताखालून मुलींच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या. कुंकवाचे त्यांनी काय केले, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि माझ्यासमोर तो प्रश्न मी कोणाला विचारू दिलेला नाही. पुण्याला निघताना तात्यासाहेबांनी झरणी आपल्या हाती दिली, असे उमावहिनींनी मला सांगितले. त्यांनी ती कधी भिजवली नाही; पेटीत, अंधारात, टोक खाली करून ठेवली. तात्यासाहेब त्यापुढच्या पावसाळ्यात गेले. निकालानंतर लगेच मी पुण्याला गेलो होतो, आणि त्या वेळीही तिथेच होतो. म्हणून मी त्यांना शेवटचे पाहिले ते निकालाच्या दिवशीच.

निकाल झाल्यावर त्यांनी पेला झरणीसकट दोन्ही हातांत धरला आणि ते बाहेरच्या ओवरीत आले. मी त्यांची काठी घेऊन मागे होतो. आत उमावहिनी कारकुनाला विचारत होत्या, निकालाची नक्कल कधी मिळेल. आणि त्यांचा आवाज मी कधी न ऐकलेल्या एका मुलीचा वाटत होता. ओवरीच्या कडेला ऊन होते. तात्यासाहेब उन्हापासून हातभर अलीकडे थांबले.

निबेच्या चिरेतून धागा निघाला. केसाहून बारीक. सरळ खाली उतरला, पेल्याच्या तळाला टेकला आणि वळला.

त्यांनी तो पाहिला. मी तो पाहिला. जबानी दुरुस्त करून घेण्याचा साक्षीदाराला काय हक्क असतो, हे त्यांनीच मला शिकवले होते. कचेरीचे दार चार पावलांवर उघडे होते, आणि न्यायाधीश अजून आसनावर होते. तात्यासाहेबांचे ओठ हलले. दर रविवारचा शब्द ओठांपर्यंत आला, असे मला दिसले. आतून पुन्हा उमावहिनींचा आवाज आला. तात्यासाहेबांनी झरणी काढून घेतली, पेला तिरपा केला आणि पाणी पायरीवर ओतले.

मग उपरण्याच्या टोकाने निब टिपली, घासली नाही. टोपण लावले. झरणी खिशात, टोक खाली. मी काठी पुढे केली, ती घेतली. आत रामाने पुढच्या प्रकरणातले कोणाचे तरी नाव पुकारले, तेव्हा ते क्षणभर थबकले, आणि मग पायऱ्या उतरू लागले. पायरीवरच्या त्या ओल्या डागावर त्यांनी पाय दिला नाही. वाटेत कोणी झोपलेले असले तर त्याला ओलांडून न जाता आपण वळसा घालतो, तसा वळसा घालून ते खाली उतरले.